डिझेल, एलपीजी की बॅटरी : फोर्कलिफ्ट निवडण्याआधी काय काय मोजायचं

फोर्कलिफ्ट घ्यायची ठरली की बोलणं लगेच टनावर आणि किमतीवर येतं. डिझेलची गाडी घ्यायला स्वस्त, बॅटरीची चालवायला स्वस्त, हे सगळेच ऐकून असतात. पण बॅटरीची गाडी तुमच्याकडे चालवायला खरंच स्वस्त पडेल का? ते गाडीपेक्षा तुमच्या कामावर ठरतं: ती दिवसाला किती तास राबणार, किती चढ चढणार, कोणत्या हवेत फिरणार आणि रात्री कुठे उभी राहून चार्ज होणार. हे मोजल्याशिवाय मागवलेलं दरपत्रक म्हणजे विक्रेत्याचा अंदाज असतो, आणि तो त्याच्याकडे शिल्लक असलेल्या मॉडेलच्या बाजूने झुकलेला असतो.

खाली दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी जे पर्याय मुळातच चालणार नाहीत ते काढून टाका, मग मोजमाप करा, खर्चाकडे सगळ्यात शेवटी या. आकडे मुख्यतः २.५ टन क्षमतेच्या काउंटरबॅलन्स गाडीचे (पुढच्या मालाचा तोल मागच्या वजनाने सांभाळणाऱ्या नेहमीच्या फोर्कलिफ्टचे) आहेत, कारण सर्वाधिक घोळ याच वर्गात होतो. १.५ टनापर्यंत बंदिस्त गोदामात बॅटरीची गाडी जवळजवळ ठरलेलीच असते. ८-१० टनांच्या पुढे उघड्या यार्डात अजूनही डिझेलच जास्त दिसतं.

पायरी १ : हवा आणि जागा पाहून पर्याय बाद करा

बंदिस्त जागेत डिझेल नको. डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. त्याशिवाय काजळी मालावर आणि पॅकिंगवर बसते ती वेगळीच. दारं उघडी असतात, वर पंखे आहेत, असं सांगितलं जातं. पण थंडीत किंवा पावसात तीच दारं बंद होतात आणि काम चालूच राहतं.

एलपीजीचा धूर दिसत नाही आणि फारसा झोंबतही नाही, म्हणून लोक त्याला निरुपद्रवी समजतात. खरा धोका तिथेच आहे. हवा-इंधनाचं मिश्रण बिघडलं किंवा एअर फिल्टर तुंबला की इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरभरून सोडतं, आणि या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, झापड ही लक्षणं कामाच्या थकव्यासारखीच वाटतात. पूर्ण पाळीसाठी सरासरी मर्यादा देशागणिक साधारण २० ते ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) मानली जाते. ती पाळली जाते का हे नाकाने कळत नाही, त्यासाठी मीटरच लागतो. एलपीजीची गाडी आत चालवायचीच असेल तर तीन गोष्टी हव्यात: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग), ठरावीक काळाने धुराची तपासणी आणि चालकाच्या श्वासाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. एवढी तयारी नसेल तर एलपीजी आत नको.

शीतगृहात आणि उघड्या अन्नाजवळ इंजिनाचा विचारच करू नका. पण शीतगृहात बॅटरीची कुठलीही गाडी चालते असंही नाही. उणे २०-३० अंशांत लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाच्या) बॅटरीची क्षमता लक्षणीय घटते. गाडी आत-बाहेर करत राहिली की कनेक्टरवर आणि कंट्रोलरच्या (मोटरची वीज नियंत्रित करणाऱ्या भागाच्या) सर्किट पट्टीवर दव साचतं. त्यामुळे शीतगृहासाठी बांधलेली आवृत्तीच मागा. गाडी उभी करायची आणि चार्ज करायची ती बाहेर.

ज्वलनशील वाफा किंवा स्फोटक धूळ असलेल्या भागाबद्दल एक गैरसमज हमखास आढळतो: ‘इलेक्ट्रिक आहे, म्हणजे सुरक्षित.’ साध्या इलेक्ट्रिक गाडीत काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच), कनेक्टर आणि ब्रेक या सगळ्यांत ठिणगी पडू शकते. तिथे त्या धोक्याच्या भागासाठी प्रमाणित केलेलीच गाडी लागते, मग ती कशावरही चालणारी असो.

गल्लीची रुंदीही याच पायरीत पाहा. २.५ टनांच्या चारचाकी डिझेल गाडीला पॅलेट (माल रचलेला फळ्यांचा पाट) घेऊन काटकोनात वळायला साधारण ३.७ ते ४ मीटर गल्ली लागते. १.५-१.६ टनांची तीनचाकी इलेक्ट्रिक सव्वातीन-साडेतीन मीटरमध्ये वळते, रीच ट्रक (अरुंद गल्लीसाठीची, फोर्क पुढे-मागे सरकणारी गाडी) पावणेतीन-तीन मीटरमध्ये. रीच ट्रक फक्त बॅटरीवरच येतात. म्हणजे रॅक आणखी जवळ आणून जागा वाचवायची असेल तर इंधनाचा प्रश्न आपोआप सुटलेला असतो.

पायरी २ : आठवडाभर नोंद ठेवा

सध्या एखादी गाडी चालू असेल, भाड्याची का असेना, तर सात दिवस हे लिहून काढा:

- प्रत्येक पाळीच्या सुरुवातीचं आणि शेवटचं तासमीटरचं वाचन
- टाकी काठोकाठ भरून दिवसाला लागलेले लिटर किंवा एलपीजीचे किलो
- सगळ्यात जड पॅलेटचं वजन आणि त्याची फोर्कच्या (माल उचलणाऱ्या पुढच्या काट्यांच्या) दिशेने खोली
- सगळ्यात उंच जागा जिथे माल ठेवायचा आहे
- रॅम्पची उंची, लांबी आणि दिवसातल्या फेऱ्या
- जेवण, चहा, पाळीबदल, ट्रकची वाट पाहणं अशा गाडी उभी राहण्याच्या वेळा

शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात. खरं तर बॅटरीच्या निवडीत तीच सगळ्यात उपयोगी पडते.

तासमीटरबद्दल सावध राहा. इंजिनाच्या गाडीत मीटर सहसा इंजिन चालू असेपर्यंत पळतो, चालक चहाला गेलेला असला तरी. अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत तो फक्त चालण्याची किंवा उचलण्याची मोटर फिरत असतानाच पुढे सरकतो. त्यामुळे डिझेलच्या मीटरवरचे ७ तास आणि इलेक्ट्रिकच्या मीटरवरचे ५ तास हे एकाच कामाचे असू शकतात. ही तफावत न पाहता ‘तासाला किती खर्च’ काढला की तुलना इलेक्ट्रिकच्या विरोधात जाते. देखभालीचा करार मीटरच्या तासांवर असेल तर पैशांतही फरक पडतो.

पायरी ३ : क्षमता पाटीवर वाचा, जाहिरातीत नाही

२.५ टन ही क्षमता मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या पृष्ठभागापासून ५०० मिलिमीटरवर असताना, साध्या मास्टवर (फोर्क वर नेणाऱ्या उभ्या खांबावर) आणि ठरावीक उंचीपर्यंत असते. माल खोल झाला की ती घसरते. अंदाजासाठी: पुढच्या आसाच्या मध्यापासून फोर्कच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर ४५० मिलिमीटर धरा. माल १४०० मिलिमीटर खोल असेल तर गुरुत्वमध्य ७०० वर येतो. मग २५०० × (४५० + ५००) ÷ (४५० + ७००) म्हणजे सुमारे २०६५ किलो. वर साइडशिफ्ट (फोर्क बाजूला सरकवणारी जोडणी), क्लॅम्प (माल दोन्ही बाजूंनी दाबून धरणारी जोडणी) किंवा उंच ट्रिपलेक्स (तीन टप्प्यांचा) मास्ट आला की आणखी कपात. हे गणित फक्त अंदाजाचं. खरा आकडा निर्मात्याने त्या जोडणीसह दिलेल्या क्षमतापाटीवरचाच.

इलेक्ट्रिकमध्ये या पाटीवर आणखी एक ओळ असते: बॅटरीचं किमान आणि कमाल वजन. बॅटरी हा गाडीच्या काउंटरवेटचाच (तोल सांभाळणाऱ्या मागच्या वजनाचाच) भाग आहे. ४८ व्होल्ट, ६०० अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) लेड-ॲसिड बॅटरी जवळपास ९०० किलोंची असते. तिच्या जागी हलकी लिथियम बॅटरी बसवली आणि कमी झालेलं वजन लोखंडी बॅलास्टने भरून काढलं नाही, तर पाटीवरची क्षमता खोटी ठरते आणि भरलेली गाडी मागून उचलली जाते. जुन्या गाडीत बॅटरी बदलताना हीच चूक सगळ्यात जास्त होते.

पायरी ४ : रॅम्प आणि फरशी

इलेक्ट्रिक गाडी चढ चढू शकत नाही हे जुनं झालं. चढते, पण किती वेळ, हा प्रश्न आहे. तांत्रिक पत्रकात चढण्याची कमाल क्षमता टक्क्यांत दिलेली असते आणि शेजारी बारीक अक्षरांत ‘एस२, ५ मिनिटं’ किंवा ‘३० मिनिटं’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे एवढा चढ मोटर तेवढाच वेळ सोसेल. त्यानंतर मोटर आणि कंट्रोलर तापतात, गाडी स्वतःच वेग कमी करते आणि चालक ‘गाडीत दम नाही’ म्हणून तक्रार करतो. १५ मीटर लांब, दीड मीटर उंच, म्हणजे १० टक्के चढाचा रॅम्प दिवसात पाच-दहा वेळा चढायचा असेल तर काळजी नाही. तोच तासाला पंचवीस वेळा भरल्या गाडीने चढायचा असेल तर विक्रेत्याकडून त्या चक्रासाठी लेखी होकार घ्या.

चढाला ऊर्जा किती लागते तेही काढता येतं. गाडी साडेचार टन आणि माल अडीच टन मिळून ७ टन दीड मीटर वर न्यायला सिद्धांताने ०.०३ युनिट लागतं. मोटर, गिअर, टायर यांतली गळती धरून ०.०५ म्हणा. दिवसाला २०० फेऱ्या झाल्या तर १० युनिट. सपाट फरशीवर दीड तास काम करण्याइतकी ही ऊर्जा नुसत्या रॅम्पवर जाते. उतरताना मोटर थोडी वीज परत भरते, पण भरोसा ठेवावा इतकी नाही.

फरशीचा विचार उलट्या बाजूने येतो. २.५ टनांची डिझेल गाडी साधारण पावणेचार टनांची, त्याच क्षमतेची इलेक्ट्रिक बॅटरीसह सव्वाचार ते साडेचार टनांची. माल उचलल्यावर एकूण वजनाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पुढच्या दोन चाकांवर येतो. मजल्यावर, मालवाहू लिफ्टमध्ये किंवा डॉकच्या पुलावर गाडी न्यायची असेल तर हा जास्तीचा अर्धा टन बांधकाम अभियंत्याला सांगायलाच हवा.

उघड्या, खडी-मातीच्या यार्डात मोठ्या हवेच्या टायरची इंजिनाची गाडी अजूनही सरस ठरते. पाऊस हे मात्र इलेक्ट्रिक टाळण्याचं कारण राहिलेलं नाही. बंद एसी मोटरच्या गाड्या पावसात चालतात, फक्त पत्रकात पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असावा. इलेक्ट्रिक गाडी पावसाने कमी आणि प्रेशर पंपाने धुतल्याने जास्त बिघडते. धुणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

पायरी ५ : बॅटरी किती मोठी हवी

बऱ्याच खरेद्या इथेच चुकतात, म्हणून हे गणित कागदावर करा.

समजा आठ तासांच्या पाळीत गाडी प्रत्यक्ष साडेपाच तास राबते. मध्यम कामात २.५ टनांची इलेक्ट्रिक तासाला ५ ते ८ युनिट खाते, आपण ६ धरू. म्हणजे पाळीला ३३ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी करायची नसते, म्हणून ३३ ÷ ०.८ = ४१ युनिट. ८० व्होल्टच्या गाडीत हे ५१५ अँपिअर-अवर होतात (युनिट गुणिले १०००, भागिले व्होल्ट). विक्रेता ५६० ची बॅटरी देतो, पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं, आणि तिसऱ्या वर्षी गाडी दुपारी तीनला मान टाकते.

कारण सरळ आहे. बॅटरी जुनी होत होत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आली की तिचं आयुष्य संपलं असं मानतात. शेवटच्या वर्षीही पूर्ण पाळी हवी असेल तर पुन्हा ०.८ ने भागा: ४१ ÷ ०.८ म्हणजे ५१ युनिट, सुमारे ६४५ अँपिअर-अवर. हेच खरं उत्तर. लहान बॅटरी घेतली तर ती रोज तळापर्यंत जाते, तापते आणि आणखी लवकर मरते.

पत्रकातला ऊर्जावापराचा आकडा ठरावीक चाचणीचक्राचा असतो. दोन मॉडेलची आपसांत तुलना करायला तो चांगला, बॅटरी ठरवायला नाही. क्लॅम्प सतत दाबून धरणारं काम, लांब पल्ला, खडबडीत जमीन यांत वापर सहज वाढतो.

दोन पाळ्या असतील तर लेड-ॲसिडचं गणित बदलतं. आठ तास काम, आठ तास चार्जिंग, मग निवायला काही तास. म्हणून दोन पाळ्यांना गाडीमागे दोन आणि तीन पाळ्यांना तीन बॅटऱ्या धरायची रीत आहे. शिवाय टनभराची बॅटरी काढायला रोलर स्टँड किंवा क्रेन, ठेवायला जागा आणि अदलाबदलीचा वेळ. एकाहून अधिक पाळ्यांत लिथियमचा विचार सुरू होतो तो इथून.

लेड-ॲसिड की लिथियम

लेड-ॲसिड स्वस्त, माहितीतली, दुरुस्त होण्याजोगी. पण तिला शिस्त लागते. व्यवस्थित सांभाळली तर १२०० ते १५०० चक्रं (एकदा चार्ज करून एकदा वापरणं म्हणजे एक चक्र), म्हणजे एका पाळीत चार-पाच वर्षं. बेशिस्तीत दीड-दोन वर्षांतही खलास. ती मरते कशाने?

अर्धवट चार्जिंगने. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावली की बरं, असं वाटतं. पण चार्जिंगच्या शेवटच्या तीन-चार तासांत बॅटरीत बुडबुडे उठतात, त्यांनी आम्ल ढवळलं जातं आणि प्लेट्सवरचं सल्फेट विरघळतं. तो टप्पा रोज चुकला तर जड आम्ल तळाला बसतं आणि सल्फेट कडक होतं. साध्या लेड-ॲसिडला दिवसातून एकच, पण पूर्ण चार्ज द्या. आठवड्यातून एकदा समतोल चार्ज (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून दिलेला जास्त वेळाचा चार्ज) द्या.

पाण्याने. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालायचं, आधी नाही. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये फुगून आम्ल बाहेर येतं, ट्रे गंजतो आणि आतलं आम्ल पातळ होत जातं. अपवाद एकच: प्लेट्स उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपत पाणी आधी घाला. वरून आम्ल कधीच घालू नका. ८० व्होल्टच्या बॅटरीत ४० सेल असतात. हाताने पाणी घालणारा माणूस मागच्या रांगेतले सेल विसरतो, म्हणून एका नळीने सगळे सेल भरणारी व्यवस्था खरेदीच्या वेळीच घ्या.

उष्णतेने. सतत १० अंश जास्त तापमानात राहिली की आयुष्य साधारण निम्मं होतं. चार्जरवरून काढून लगेच जुंपलेली बॅटरी गरमच कामाला लागते.

महिन्यातून एकदा पूर्ण चार्जनंतर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारं साधन) लावा. गाडी चालवणाऱ्या अशा बॅटरीत वाचन साधारण १.२८ च्या आसपास हवं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०३ किंवा जास्त खाली असेल तर तो सेल लक्ष मागतो आहे. एकटा वाईट सेल सगळ्या बॅटरीला खाली ओढतो.

लिथियमला, म्हणजे या गाड्यांत बहुतेक वेळा लिथियम आयर्न फॉस्फेटला, यातलं काहीच लागत नाही. पाणी नाही, निववणं नाही, अर्धवट चार्जिंग चालतं, चक्रं दुप्पट किंवा अधिक. वर काढलेली ‘गाडी उभी राहण्याच्या वेळां’ची नोंद आता उपयोगी पडते. अर्ध्या तासाच्या सुट्टीत २० किलोवॅटने १० युनिट जातात, म्हणजे दीड तासाहून जास्त काम. अशा दोन सुट्ट्या मिळाल्या तर बॅटरी लहान घेता येते आणि किमतीतला बराच फरक तिथे भरून निघतो. अट एकच: चार्जर सुट्टीच्या जागेजवळ हवा. दोनशे मीटर लांब असेल तर कोणी लावत नाही, हे गृहीत धरा.

लिथियमच्या मर्यादा दोन. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. आणि तिची नियंत्रण प्रणाली गाडीच्या कंट्रोलरशी बोलणारी हवी. जुन्या गाडीत परक्या बनावटीची बॅटरी टाकली आणि हे बोलणं जुळलं नाही, तर चार्ज संपत आल्याची सूचना न देता वीज तुटते, तेही फोर्क वर असताना.

पायरी ६ : वीजजोडणी आणि चार्जिंगची जागा

६४५ अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिडला रात्रभरात भरायला साधारण १०० ते १३० अँपिअरचा चार्जर लागतो. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज सेलमागे २.४ धरलं तर ४० सेलचे ९६ व्होल्ट. १२० अँपिअरला साडेअकरा किलोवॅट, आणि चार्जरमधली तूट व पॉवर फॅक्टर धरून पुरवठ्यावर सुमारे १३ केव्हीए (वीजजोडणीवरचा भार मोजण्याचं एकक). सहा गाड्या संध्याकाळी सहाला एकदम लागल्या तर ७८ केव्हीए. तुमचा मंजूर भार (वीज कंपनीने मान्य केलेली मर्यादा) एवढा आहे का? नसेल तर चार्जरना वेळेचे स्विच लावून टप्प्याटप्प्याने सुरू करा. लिथियमचा जलद चार्जर एकटाच २५-३० किलोवॅट मागू शकतो, आणि तोही भर दुपारी, जेव्हा बाकी यंत्रंही चालू असतात. गाडी आली पण वाढीव जोडणी आली नाही, म्हणून ती महिनोन्महिने झाकून ठेवावी लागू शकते.

वीज वारंवार जात असेल आणि चार्जिंग डिझेल जनरेटरवर होणार असेल, तर थांबा. जनरेटर लिटरमागे साधारण ३ ते साडेतीन युनिट देतो. एका तासाच्या कामासाठी चार्जरला ८ युनिट लागतात, म्हणजे अडीच लिटर. तेवढ्यात डिझेल फोर्कलिफ्टच जवळजवळ तासभर चालते.

लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत ४ टक्के झाला की तो स्फोटक, म्हणून त्याला १ टक्क्याच्या खालीच ठेवायचा. हायड्रोजन हलका, छताखाली साठतो, तेव्हा हवा जायला जागा वर हवी. एलपीजी हवेपेक्षा जड, खड्ड्यात आणि गटारात उतरतो, तेव्हा सिलिंडरच्या जागेत वायुवीजन तळाशी हवं आणि जवळ तळघर किंवा खड्डा नको. चार्जिंगच्या जागी डोळे धुण्याचं पाणी, सांडलेल्या आम्लावर टाकायला खाण्याचा सोडा आणि चेहऱ्यावर ढाल एवढं तरी असावं. चार्जर बंद केल्यावरच कनेक्टर ओढायचा. चालू प्रवाहात ओढला की ठिणगी पडते, आणि ती नेमकी हायड्रोजनच्या शेजारी.

इंजिनाची गाडी घेणार असाल तर

डिझेल इंजिनाला काम हवं असतं. दिवसात पाऊण तास, तेही पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत चालणारी डिझेल गाडी कधी पुरती तापत नाही. न जळालेलं इंधन ऑइलमध्ये उतरतं, आणि धुराचा फिल्टर असलेल्या नव्या इंजिनांत तो फिल्टर तुंबतो. फिल्टर जाळून साफ करण्याची प्रक्रिया चालक मध्येच इंजिन बंद करून तोडतो, आणि मग मेकॅनिक बोलवावा लागतो. इतका कमी वापर असेल तर एलपीजी किंवा लहान इलेक्ट्रिक बरी. तीही महिनोन्महिने नुसती उभी ठेवायची नाही, कारण पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरून सल्फेट धरते.

उलट टोकाला, उघड्यावर तीन पाळ्या, लांब पल्ला, जड माल, चार्जिंगला वेळ नाही, अशा कामात डिझेलची पाच मिनिटांत भरणारी टाकी मोलाची. टाकी पाळीच्या शेवटी भरा. रात्रभर अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं आणि पाणी इंधनात उतरतं.

एलपीजीला तासाला अडीच-तीन किलो लागतात, म्हणजे १५ किलोचं सिलिंडर पाच-सहा तास. फोर्कलिफ्टचं सिलिंडर द्रव वायू देणारं असतं. घरगुती सिलिंडर जोडण्याचा जुगाड बेकायदा तर आहेच, शिवाय ते वाफ देतं, द्रव नाही, म्हणून इंजिन नीट चालतही नाही. आडवं बसणारं सिलिंडर त्याच्या खुंटीवर नीट बसवा. तसं केलं तरच सुरक्षा झडप वर, वाफेच्या बाजूला राहते. रेग्युलेटरवर बर्फ साचत असेल तर रेग्युलेटर बदलण्याआधी रेडिएटरमधलं पाणी पाहा. वायूला ऊब कूलंटमधूनच मिळते, कूलंट कमी झाला की तो गोठतो.

देखभालीत फरक आहे, पण सांगतात तितका सरळ नाही. इंजिन ऑइल आणि फिल्टर साधारण दर २५० तासांनी, मग एअर फिल्टर, पट्टे, कूलंट, इंधन फिल्टर. धूळ, कागदाचे तुकडे आणि धागे उडणाऱ्या जागेत रेडिएटर आठवड्याला फुंकून साफ करावा लागतो. इलेक्ट्रिकमध्ये हे नाही, मोटर ब्रेकिंगमुळे ब्रेकही कमी झिजतात. मात्र मास्टच्या साखळ्या, रोलर, हायड्रॉलिक होज, टायर आणि स्टिअरिंगचा आस दोन्हींत सारखेच झिजतात. ‘इलेक्ट्रिकला देखभालच नाही’ म्हणून साखळी न तपासणं हा धोकादायक समज आहे.

पायरी ७ : तासाचा खर्च काढा

२.५ टनांच्या कामात डिझेल तासाला साधारण ३ लिटर. त्याच कामाला बॅटरीतून ६ युनिट. पण बिल येतं ते चार्जरच्या आधीच्या मीटरवरून. चार्जर आणि लेड-ॲसिड मिळून चौथा हिस्सा किंवा थोडा अधिक गळतो, म्हणून ८ ते साडेआठ युनिट. लिथियमला साडेसहा-सात. आता तुमच्याकडचे दर घाला. एक लिटर डिझेल दहा युनिट विजेच्या किमतीचं असेल तर तासाला ३० विरुद्ध ८, इलेक्ट्रिक भराभर पैसे परत देते. लिटर चारच युनिटांच्या किमतीचं असेल तर १२ विरुद्ध ८, आणि उरलेला फरक बॅटरीची झीजच खाऊन टाकू शकते.

ती झीज अशी काढा: १५०० चक्रं गुणिले साडेपाच तास म्हणजे सव्वाआठ हजार तास. बॅटरीची किंमत त्याने भागा, तासाची झीज मिळेल. दिवसाला दोनच तास वापर असेल तर हे सूत्र लावू नका. तिथे चक्रं संपण्याआधी बॅटरी वयानेच जाते, तेव्हा किंमत वर्षांनी भागा.

मग इलेक्ट्रिकची जादा किंमत, त्यात चार्जर, वायरिंग, वाढीव जोडणी, पाणी भरण्याची व्यवस्था हे सगळं मिळवून, तासाच्या निव्वळ बचतीने भागा. जितके तास येतील तितके तास गाडी चालल्यावर पैसे वसूल. ते तास तुमच्या नोंदीनुसार दोन वर्षांत भरतात की नऊ, हेच पाहायचं. नऊ आले तर हवेच्या आणि आवाजाच्या कारणासाठी इलेक्ट्रिक घ्यायला हरकत नाही, पण बचतीसाठी घेतो असं स्वतःला सांगू नका.

जुनी इलेक्ट्रिक घेताना गाडी आणि बॅटरी या दोन वेगळ्या वस्तू समजा. रंग मारलेली गाडी आणि मरायला टेकलेली बॅटरी ही जोडी बाजारात सहज मिळते. बॅटरीची निर्मितीची तारीख पाहा आणि भारावर क्षमता चाचणी मागा. नुसतं व्होल्टेज काही सांगत नाही.

पायरी ८ : चाचणी आणि दरपत्रक

गाडी चाचणीला आणा, पण विक्रेत्याच्या माणसाला चालवू देऊ नका. तुमचा चालक, तुमची सगळ्यात जड पॅलेट, तुमचा रॅम्प, आणि वेळ पाळीचा शेवटचा तास. सकाळी भरल्या बॅटरीवर प्रत्येक गाडी छान चालते. दिवसभराचा वापर चार्जरच्या आधी लावलेल्या वीजमीटरवर मोजा, डिझेलचा टाकी ते टाकी.

दरपत्रकात हे स्वतंत्र ओळींत लिहून घ्या: बॅटरीचे व्होल्ट, अँपिअर-अवर आणि वजन, चार्जरचे अँपिअर आणि पुरवठ्याची गरज, तुमच्या मास्ट-जोडणीसह आणि तुमच्या कमाल उंचीला उरणारी क्षमता, सलग चढाची वेळमर्यादा, बॅटरीची हमी वर्षांत की चक्रांत, आणि ती कशाने रद्द होते. लेड-ॲसिडच्या हमीत पाण्याची नोंदवही नसल्यास दावा नाकारला जाईल, असं कलम असू शकतं. तसं असेल तर पहिल्या दिवसापासून वही चार्जरशेजारी टांगा आणि तारीख, वाचन, सही टाकणारा माणूस नावाने नेमून द्या.